सदाशिव पेठेत जुन्या अपार्टमेंटमधला वन बीएचके, आईसाठी घ्यावा का?

सायली_वारजे

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर ॲडमिननी हलवावा.

आई, वय ६९, सध्या आमच्याकडे वारज्याला असते. तिचं माहेर भिकारदास मारुतीजवळ, पुढे नोकरी लक्ष्मी रोडला बँकेत, मैत्रिणी, भिशी, डॉक्टर, शिंपी सगळं तिकडेच. आमच्या सोसायटीत पूल आहे, जिम आहे, पण गेटबाहेर पडलं की सरळ सर्व्हिस रोड आणि हायवे, कोथिंबीर संपली तरी ॲपवरून मागवायची, आणि ते तिला अजिबात पटत नाही. "मला तिकडे दोन खोल्या बघ" हे आता दर रविवारी ऐकतेय.

तर एक फ्लॅट बघितलाय. टिळक रोड आणि बाजीराव रोडच्या मधल्या गल्ल्यांत, नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही. वाडा पाडून १९८८ साली बांधलेली बिल्डिंग, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, कार्पेट ४१० स्क्वेअर फूट, म्हणजे हॉल, किचन, बेडरूम आणि एक बाल्कनी जी ग्रील लावून कधीच आत घेतलेली आहे. एकूण दहा फ्लॅट, खाली दोन दुकानं. दुचाक्या कशाबशा उभ्या राहतात, चारचाकीचं नावच नको. एजंट ७२ लाख सांगतोय. वर म्हणाला की "सोसायटी नाहीये, अपार्टमेंट आहे, ते तर अजून चांगलं". चांगलं कसं काय ते मला कळलं नाही, नवऱ्यालाही नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा, आणि एकंदर त्या भागात आता म्हाताऱ्या माणसाने एकटीने राहणं कसं आहे तेही.

टिल्लू

पार्किंगचा उल्लेख पहिल्याच पोस्टमधे केलात म्हणजे मनाने अजून वारज्यालाच आहात :)

जुनापेठकर

सायलीताई, जन्मापासून याच पेठेत आहे, वय सांगत नाही. एजंट लोक जे सांगत नाहीत ते सांगतो.

चालत काय काय आहे त्यावर घराची किंमत करा, भिंतींवर करू नका. आईंना सकाळी सारसबाग चालत, भाजीला मंडई चालत (१८८६ ची रे मार्केटची इमारत, आता महात्मा फुले मंडई, अजूनही जुडी नीट बघून घेता येते), तुळशीबाग तर पायाखालचीच. नाटकाला भरत नाट्य मंदिर आणि टिळक स्मारक, दोन्हीला रिक्षा लागत नाही. वाचनाची आवड असेल तर लक्ष्मी रोडला पुणे नगर वाचन मंदिर आहे, १८४८ सालापासून चालू आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ आमच्या पेठेतच, तिथली व्याख्यानं फुकट असतात आणि पंखे चालू असतात, म्हाताऱ्या माणसाला अजून काय पाहिजे. दवाखाने तर इतके की कुठल्याही गल्लीतून बाहेर पडलं की एक पाटी दिसतेच. आता मंडईला भुयारी मेट्रोचं स्टेशन झालंय, २९ सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट गाडी चालू आहे, त्यामुळे तुम्हाला वारज्याहून यायचं तर वनाजला गाडी लावा, जिल्हा न्यायालयाला गाडी बदला, मंडईला उतरा. कारने येऊ नका. सम-विषम तारखेच्या पी-वन पी-टूच्या पाट्या बघत फिरण्यात अर्धा तास जाईल आणि मग आईवर चिडाल.

आता वाईट बाजू. गणपतीचे दहा दिवस आणि त्याआधीचा महिनाभर ढोल-ताशाचा सराव. विसर्जनाला लक्ष्मी रोड, टिळक रोड, कुमठेकर रोड, केळकर रोड, चारही रस्ते मिरवणुकीचे, आणि तुमची गल्ली बरोबर त्यांच्या मधे. मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपार-संध्याकाळपर्यंत चालते. मानाचे पाच गणपती बघायला मजा येते, त्यानंतरच्या स्पीकरच्या भिंतींनी कपाटातली भांडी वाजतात. हृदयाचा त्रास असेल तर तेवढे दोन दिवस वारज्याला घेऊन जा. आम्ही स्वतः जातो मुलीकडे.

खडकवासला_लाइव्ह

जुनापेठकर, पाण्याचं सांगायचं राहिलं. पेठांना पर्वतीवरून पाणी येतं, उपनगरांपेक्षा खूप बरं, टँकर हा प्रकार फारसा माहीत नाही. पण महापालिका देखभालीसाठी गुरुवारी बंद ठेवते अधूनमधून, आणि शुक्रवारी सकाळी कमी दाबाने येतं. खाली टाकी केवढी आहे आणि वर केवढी, पंप कोण चालू करतं, हे विचारा. दहा फ्लॅटच्या बिल्डिंगमधे वॉचमन नसतो, पंप चालू करणारा एक गृहस्थ असतो आणि तो गावाला गेला की सगळे कोरडे.

कागदपत्रं_आणा

एजंट "अपार्टमेंट आहे ते चांगलं" म्हणाला ते अर्धं खरं आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण पुण्यात निम्म्या लोकांना आपण नक्की कशाचे मालक आहोत ते माहीत नसतं.

सोसायटी म्हणजे १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली. जमीन आणि इमारत सोसायटीच्या मालकीची, तुम्ही सभासद, तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट. अपार्टमेंट म्हणजे १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, त्याला कॉन्डोमिनियम पण म्हणतात. इथे फ्लॅटचे मालक थेट तुम्ही, आणि त्याच्याबरोबर जमिनीत आणि जिना-गच्ची-टाकी वगैरे सामायिक गोष्टींत तुमचा ठरलेल्या टक्क्यांचा अविभक्त हिस्सा. हे टक्के डीड ऑफ डिक्लेरेशनमधे लिहिलेले असतात आणि प्रत्येक फ्लॅटचं वेगळं डीड ऑफ अपार्टमेंट नोंदवायचं असतं. पाच किंवा जास्त गाळे असले की हा कायदा लावता येतो, म्हणून वाडे पाडून झालेल्या छोट्या बिल्डिंगांना बिल्डरनी हाच रस्ता धरला.

फायदे: विकताना ट्रान्सफर फी नाही (सोसायटी महापालिका हद्दीत २५ हजारांपर्यंत घेऊ शकते), भाड्याने दिलं तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज नाही, कमिटीच्या ना-हरकतीसाठी खेटे नाहीत. मेंटेनन्स टक्क्यांप्रमाणे, म्हणजे लहान फ्लॅटला कमी. सोसायटीत सर्व्हिस चार्जेस सगळ्यांना सारखे, मग तुमचा वन बीएचके असो नाहीतर थ्री. तुमच्या ४१० फुटाला ही पद्धत फायद्याचीच आहे.

तोटे पण तिथूनच निघतात. कोणी पैसे नाही दिले तर वसूल करायला सोसायटीसारखी सरळ वाट नाही. आणि पुनर्विकासाची वेळ आली की वेगवेगळ्या मालकांची मनं जुळवायची.

आता मुख्य मुद्दा. बिल्डिंगच्या पाटीवर "अमुक अपार्टमेंट" लिहिलेलं असणं आणि ती कायद्याने अपार्टमेंट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेठेत कित्येक ठिकाणी डिक्लेरेशन झालेलंच नसतं किंवा ते झालं आणि फ्लॅटची डीड करायची राहून गेली. मग मालकाकडे फक्त जुनं साठेखत (म्हणजे पुढे विकत देण्याचा करार, पक्की खरेदी नाही) असतं आणि प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी मालकी नोंदीवर, वाड्याच्या मूळ मालकांची नावं, त्यातली बरीचशी मयत. ताई, टोकन द्यायच्या आधी तीन कागद मागा: डिक्लेरेशनची प्रत, विकणाऱ्याच्या नावाचं डीड ऑफ अपार्टमेंट आणि ताजं प्रॉपर्टी कार्ड. ते नाही म्हणाले तर त्याचा अर्थ लावायला वकील लागत नाही.

मीनल_न्यूजर्सी

कागदपत्रं_आणा, छान समजावलंत. आम्ही इथे कॉन्डोमधेच राहतो आणि पद्धत अगदी हीच, घर तुमचं आणि बाकीच्यात टक्का. फरक एवढाच की महिन्याची फी बघून पोटात गोळा येतो, पण त्यातला काही भाग रिझर्व्ह फंडात, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवायच्या पैशात जातो. तो नसला की काय होतं ते फ्लोरिडात दिसलं, सर्फसाइडची १२ मजली कॉन्डो बिल्डिंग २४ जून २०२१ ला पहाटे कोसळली, ९८ माणसं गेली. दुरुस्ती गरजेची आहे हे कागदावर आलेलं होतं, खर्च कोटीत होता, मालकांची चर्चाच चालू होती. सायली, या दहा फ्लॅटांनी गेल्या ३५ वर्षांत फंड म्हणून काही साठवलंय का, हे आधी विचार गं.

टिल्लू

मीनलताई, पेठेत रिझर्व्ह फंड म्हणजे लेले काकांच्या नावाचं सेव्हिंग खातं आणि त्यात चार हजार दोनशे. पासबुक लेले काकूंकडे.

कोबा_मास्तर

हसू आलं पण खरं आहे. मी स्ट्रक्चरल ऑडिटची कामं करतो म्हणून लिहितो.

१९८८ ची आरसीसी बिल्डिंग म्हणजे भूकंपासाठी लोखंड कसं बांधायचं त्याचं वेगळं मानक, आयएस १३९२०, यायच्या आधीची. ते आलं १९९३ ला. म्हणून लगेच पडते असं नाही, पण कॉलम बारीक असतात, रिंगा लांब लांब असतात आणि त्या काळात सिमेंटची ओढाताण असायची. बघायला गेलात की हॉलच्या रंगाकडे बघू नका, तो विकायच्या आधी लावलेला असतो. खाली दुचाक्या लावतात तिथले कॉलम जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत बघा. उभ्या चिरा असतील किंवा प्लास्टर ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर आत सळया गंजून फुगल्यात. मग जिन्याच्या वरच्या टोकाला गच्चीखालचा स्लॅब बघा. मग संडास-बाथरूमची डक्ट, तिथे जुने बिडाचे पाइप असतील तर ते कुठे ना कुठे गळत असणारच आणि ओल तुमच्या बेडरूमच्या भिंतीत येणार. गच्चीवर कोबा किती थरांचा आहे तेही बघा, लोक गळलं की जुन्या कोब्यावर नवा घालतात, वजन वाढत जातं आणि गळती थांबत नाही ती नाहीच.

बाल्कनी आत घेतलीय म्हणालात, तिथे पाण्याचं पिंप, वॉशिंग मशीन ठेवलंय का? ती बाहेर काढलेली स्लॅब असते, तिच्यावर भिंत आणि मशीन दोन्ही चढवायचं नसतं.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढे तीन वर्षांतून एकदा ऑडिट सांगितलंय. अपार्टमेंटवाले म्हणतात आम्हाला तो नियम नाही. बरं बाबा नाही, पण सळईला तो फरक कळत नाही. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक टेस्ट (काँक्रीट न फोडता त्याची ताकद तपासायच्या चाचण्या) करून घ्या, दहा जणांत वाटला तर खर्च फार नाही. बँकेकडून कर्ज घेणार असाल तर त्यांचा व्हॅल्युअर इमारतीचं उरलेलं आयुष्य विचारणारच आहे, तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आधी केलेलं बरं.

वहिनी_कसबा

सासूबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, आमच्याच वाड्याच्या जागी झालेली बिल्डिंग. दुसरा मजला ६९ व्या वर्षी चालतो हो, ७६ ला नाही चालत. गुडघा बदलला तेव्हा दोन महिने खाली उतरल्याच नाहीत, मग तुळशीबाग जवळ असून काय उपयोग, खिडकीतून आवाज ऐकायचा नुसता. पायऱ्यांची उंची मोजा, जुन्या जिन्यांना आठ-साडेआठ इंच पण असते, आणि कठडा दोन्ही बाजूंनी धरता येतो का बघा. पहिल्या मजल्याचं मिळत असेल तर दोन लाख जास्त द्या पण तेच घ्या.

आणि पुनर्विकास होईल तेव्हा लिफ्ट मिळेल अशा आशेवर घेऊ नका. आमच्याकडे शनिवारवाडा १०० मीटरच्या आत येतो, २०१० च्या कायद्याने तिथे नवीन बांधकामच बंद, त्यापुढे अजून २०० मीटर परवानगीशिवाय काही नाही. सदाशिव पेठेला तो त्रास नाही पण गल्लीच्या रुंदीचा आहे.

कोबा_मास्तर

वहिनी, बरोबर. गल्ली ९ मीटरपेक्षा अरुंद असली की जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) आणि टीडीआरची (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) गणितं बसत नाहीत, मग बिल्डरला विकायला फ्लॅटच उरत नाहीत, तो कशाला येईल. पेठेत पाच-सहा मीटरच्या गल्ल्या कितीतरी आहेत. टेप घेऊन जा आणि गल्ली मोजा, लोक हसतील, हसू देत.

मुठाकाठ

नदीकडच्या पेठांचं एक सांगतो, तुमच्या गल्लीला लागू नाही पण धागा वाचून कोणी नारायण पेठेत किंवा शनिवार पेठेत बघत असेल तर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा जुन्या घरांवर अजून दाखवतात लोक. वाडेच्या वाडे बसले आणि माणसं सहकारनगर, गोखलेनगरला गेली. आता पूररेषा आखलेल्या आहेत, निळी आणि लाल, निळीच्या आत बांधकाम नाही आणि दोन्हींच्या मधे असेल तर जोत्याची उंची वगैरे अटी. घर घेताना हे नकाशावर बघून घ्या. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो हे दर पावसाळ्यात होतं, त्यामुळे डेक्कनला जायचं तर लकडी पुलावरून वळसा.

सायली_वारजे

बाप रे, एवढे प्रतिसाद! मनापासून आभार सगळ्यांचे. काल आईला घेऊन परत गेले होते. तिने कॉलम वगैरे काही बघितलं नाही, सरळ शेजारच्या काकूंच्या घरात जाऊन बसली, चहा झाला, पाणी किती वाजता येतं, कचरा न्यायला कोण येतं, दळण कुठे देता, सगळं विचारून आली आणि त्यांची धाकटी जाऊ माझ्या मावशीच्या वर्गात होती असंही निघालं. मी आपली मोबाइलचा टॉर्च लावून दुचाक्यांच्या मागे कॉलम शोधतेय. एका कॉलमला खाली चीर आहे, फोटो काढलाय. बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे :(

अजून एक, वरच्या दोन्ही फ्लॅटमधे मुलं राहतात, एकेका फ्लॅटमधे सात-आठ, एमपीएससीची तयारी करणारी. काकू म्हणाल्या रात्री दोनला पण जिन्यात चपला वाजतात. हे सगळीकडेच आहे का आता?

जुनापेठकर

सगळीकडे. मुलंबाळं कोथरूड-बावधनला किंवा परदेशात, म्हातारी माणसं गेली की फ्लॅट कॉट बेसिसवर. आठ कॉटचं भाडं एका कुटुंबाच्या भाड्यापेक्षा केव्हाही जास्त, मालकाला काय. अपार्टमेंट असल्यामुळे कोणी अडवणारंही नाही. पाणी दहा फ्लॅटचं आणि माणसं पन्नास. गल्लीत राहणारे मूळचे लोक आता बोटावर मोजण्याएवढे, गणपतीच्या वर्गणीला खाली उतरलो की कळतं.

खोली_नं_९

जुनापेठकर काका, मी त्या आठ कॉटपैकी एका कॉटवरचा. परभणी जिल्ह्यातून आलोय, जवळच राहतो. पाणी जास्त लागतं हे खरं, पण आम्ही पण काही हौसेने आठ जण राहत नाही. शास्त्री रोडपासून टिळक रोडपर्यंत अभ्यासिका, मेस, पुस्तकांची दुकानं, क्लास सगळं याच पट्ट्यात म्हणून इथे राहावं लागतं, आणि एका कॉटला जे भाडं देतो त्यात गावाकडे अख्खं घर मिळतं. रात्री दोनला चपला वाजतात कारण अभ्यासिका तेव्हा सुटते. तुमच्या पेठेतल्या निम्म्या मेस, झेरॉक्स, चहाच्या टपऱ्या आमच्यावर चालतात की.

सायलीताई, आईंना त्रास होईल असं वाटत असेल तर एक सांगतो, आमच्या बिल्डिंगमधे पहिल्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, त्यांच्या गॅसची टाकी आम्हीच लावून देतो, बाराही महिने. गेल्या पावसाळ्यात त्यांना चक्कर आली तेव्हा खाली उचलून नेलं ते आमच्यातल्याच दोघांनी, मुलगा बंगलोरला होता. परीक्षेच्या आधी त्या आम्हाला दही-साखर देतात. निकाल काही लागत नाही ती गोष्ट वेगळी.

वहिनी_कसबा

+१. आमच्याकडे पण वरची मुलं आहेत, चपला बाहेर नीट लावा म्हणून एकदा रागावले, तेव्हापासून लावतात. बोललं की होतं.

जुनापेठकर

मी मुलांना काही म्हणत नाही हो, मालकांना म्हणतोय. महिना मोजून पैसे घेतात आणि टाकी साफ करायच्या वर्गणीला फोन उचलत नाहीत.

कागदपत्रं_आणा

ताई, कागदांचं काय झालं? चीर वगैरे ठीक आहे, ती भरता येते.

सायली_वारजे

तेच सांगायला आले. एजंटने आधी टाळाटाळ केली, मग प्रती दिल्या. डिक्लेरेशन १९९० साली नोंदवलेलं आहे, त्यात आमच्या फ्लॅटचा हिस्सा ८.१ टक्के लिहिलाय. पण आत्ताच्या मालकाकडे डीड ऑफ अपार्टमेंट नाही, त्याच्या वडिलांनी १९८८ ला केलेलं साठेखत आहे फक्त. वडील वारले, दोन बहिणी आहेत, एक नाशिकला आणि एक अमेरिकेत. प्रॉपर्टी कार्डावर वाड्याच्या मालकांची नावं तशीच. मालक म्हणतो "आमच्या बिल्डिंगमधे कोणाचंच नाहीये, सगळे असेच विकतात, काही होत नाही."

कागदपत्रं_आणा

"काही होत नाही" हे वाक्य मी रोज ऐकतो.

क्रम असा ठेवा. आधी दोन्ही बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, अमेरिकेतल्या बहिणीची पॉवर ऑफ ॲटर्नी तिथल्या भारतीय वकिलातीतून करून इथे त्यावर स्टॅम्प भरून, किंवा सरळ दोघीही विक्रेत्या म्हणून सह्या करू देत. मग वाड्याच्या मालकांचे वारस आणि बिल्डर यांच्याकडून डीड ऑफ अपार्टमेंट आत्ताच्या मालकाच्या नावाने. ते सह्या द्यायला तयार नसतील तर मोफा, म्हणजे १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (त्यांच्या सह्यांशिवाय मालकी नावावर करून घेण्याचा) अर्ज करता येतो. वेळ लागतो पण होतं. आणि हे सगळं व्हायच्या आधी तुमचा एक रुपयाही जाऊ नये, टोकन म्हणून पण नाही. किमतीत सूट देतो म्हणाला तरी नाही, कारण सूट घेऊन तुम्ही त्याची डोकेदुखी विकत घेताय. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, वेगळी.

पुढेमागे घेतलंच तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. फक्त बायकांच्या नावावर खरेदी असेल तर स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी पडते, म्हणजे आई आणि तुम्ही दोघींच्या नावे चालेल, जावईबापूंचं नाव घातलंत की सवलत गेली. आणि महापालिकेच्या मिळकत करात स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत असते, तिच्यासाठी पीटी-३ फॉर्म भरावा लागतो, जुन्या मालकाने भरलाय का आणि थकबाकी किती ते ऑनलाइन बघून घ्या.

टिल्लू

जावईबापूंना आधीच ७२ लाखात पार्किंग नाही, आता नाव पण नाही.

मीनल_न्यूजर्सी

हाहाहा.

सायली, आधी भाड्याने का नाही घेत? वर्षभर राहून बघू देत त्यांना. माझ्या सासऱ्यांनी हट्टाने गिरगावात परत घर घेतलं आणि मग कळलं की ज्यांच्यासाठी परत गेले ते सगळे कांदिवलीला गेलेत.

जुनापेठकर

गिरगावचं गिरगावला. पण भाड्याचा सल्ला वाईट नाही. जिना, आवाज, एकटेपणा याचा अंदाज येतो. अकरा महिन्यांत एक पावसाळा आणि एक गणपती तर बघून होतील.

सायली_वारजे

आईपुढे हाच पर्याय ठेवला. आधी चिडली, "भाड्याच्या घरात मी लग्नानंतर वीस वर्षं काढली, परत नाही" वगैरे. मग त्याच काकूंनी तिला परस्पर फोन करून सांगितलं की समोरच्या बिल्डिंगमधे पहिल्या मजल्यावर एक वन आरके रिकामा होतोय, मालक पौडला असतात, मुलांना द्यायचा नाहीये, बाईमाणूस असेल तर चालेल. आई आम्हाला न सांगता रिक्षा करून बघून आली! ३०० स्क्वेअर फूट पण नसेल, मोरी आतच आहे, ओटा कडाप्प्याचा, पण तिच्या मते हवा छान येते. तर ते ठरतंय. विकायचा फ्लॅट तसाच आहे, मालकाला सांगितलंय की कागद पूर्ण करा मग बोलू, तो म्हणाला बघतो. नाशिकच्या बहिणीचं आणि त्याचं बोलणं बंद आहे असं काकूंकडून कळलं, म्हणजे तिथे काही लवकर होणार नाही.

भाडेकराराची नोंदणी आम्ही करायची का मालकांनी? एजंट म्हणतो नोटरी पुरेल.

कागदपत्रं_आणा

नोटरी पुरत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ऑनलाइन होते, दोघांचं आधार आणि अंगठा लागतो, माणूस घरी येऊन करून जातो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती पण त्याच वेळी देऊन टाका.

कोबा_मास्तर

पहिल्या मजल्याच्या मोरीखाली काय आहे बघा, दुकान असेल तर गळतीवरून रोज भांडणं होतील. राहायला जायच्या आधी मोरीचे सांधे व्हाइट सिमेंटने भरून घ्या.

खोली_नं_९

ताई, सामान चढवायला माणसं लागली तर सांगा, पूर्वपरीक्षा झालीय, मोकळे आहोत.

जुनापेठकर

टेम्पो सकाळी सातच्या आत आणा, नंतर गल्लीच्या तोंडाशी भाजीची हातगाडी लागते आणि ती हलत नाही. आणि काय आणायचं ते गणपतीच्या आधी आणा, मांडव पडले की कपाट घेऊन टिळक रोडपासून चालत यावं लागेल.